जुना ४० एचपी टू-स्ट्रोक आउटबोर्ड : खालच्या सिलिंडरात पाणी येतंय, हेड उघडायचं का?

होडीवाला_देवगड

होडीच्या मागे लावायचं इंजिन ४० एचपी, दोन सिलिंडर, कार्ब्युरेटरचं टू-स्ट्रोक, पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणारं. वय वीसच्या पुढे, सगळं आयुष्य खाऱ्या पाण्यात. पावसाळ्यासाठी वर काढून स्टँडवर लावलंय. नारळी पौर्णिमेच्या आत परत होडीवर चढवायचं आहे.

लक्षणं अशी. रात्रभर उभं राहिल्यावर सकाळी पहिल्यांदा एकाच सिलिंडरवर चालतं, पाच-सात मिनिटांनी दुसरा धरतो. खालचा प्लग काढला की इलेक्ट्रोडवर पाण्याचे थेंब, चिनी माती धुतल्यासारखी पांढरी. वरचा प्लग नेहमीसारखा तपकिरी, जरा तेलकट. कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब) वर ११५ पीएसआय, खाली ९५. मागून पडणारी कूलिंगच्या पाण्याची धार जोरदार, इंजिन तापत नाही. गिअर ऑइल काढलं तर ताकासारखं. शिवाय कव्हर काढलं की हेडच्या कडेला मिठाची पांढरी रेघ आणि खालच्या ट्रेमध्ये थोडं पाणी.

मेकॅनिक म्हणतो हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेली, हेड उघडू. हेडचे बोल्ट गंजलेले आहेत, एखादा तुटला तर काम वाढणार. उघडण्याआधी खात्री कशी करायची?

नाखवा

हेडचं नंतर बघू. आधी एक काम आजच करा. दोन्ही प्लग काढा, खालच्या सिलिंडरात चहाचे दोन चमचे टू-टी ऑइल ओता आणि फ्लायव्हील हाताने पाच-सहा वेळा फिरवा. कार्ब्युरेटरच्या तोंडातूनही थोडं ऑइल आत जाऊ द्या. टू-स्ट्रोकच्या क्रँकला सगळीकडे बॉल, रोलर किंवा नीडल बेअरिंगं असतात, खाली ऑइलचा साठा नसतो. खारं पाणी लागलेलं बेअरिंग दोन-तीन दिवसांत ठिपके धरतं आणि मग पाण्याचा रस्ता बंद करूनही क्रँक आवाज करतोच. सिलिंडरातलं पाणी काढून टाकेपर्यंत प्लग लावून दोरी ओढू नका. पिस्टनवर पाणी साठलेलं असेल तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो.

आता मूळ मुद्दा. तुम्ही लिहिलेलं एक दुखणं नाही, तीन आहेत, आणि त्यांचा एकमेकांशी संबंध असेलच असं नाही. गिअर ऑइलमधलं पाणी खालच्या गिअरकेसच्या सीलमधून येतं. तिथून ते सिलिंडरात चढत नाही. हेडच्या कडेची मिठाची रेघ म्हणजे बाहेर पडणारी गळती. या बनावटीच्या बऱ्याच इंजिनांत हेड आणि हेडचं झाकण वेगळं असतं, मध्ये स्वतंत्र पॅकिंग. रेघ हेड आणि झाकण यांच्या सांध्यावर असेल तर ते पाणी बाहेरच पडतंय, सिलिंडरात जाण्याचा प्रश्नच नाही. रेघ हेड आणि ब्लॉक यांच्या सांध्यावर असेल तर मात्र मेकॅनिकच्या म्हणण्यात तथ्य असू शकतं. टॉर्च घेऊन नेमका सांधा बघा.

उरलं खालच्या सिलिंडरातलं पाणी. ते गोडं की खारं हे आधी ठरवा. प्लगवरचे किंवा पिस्टनवरचे थेंब ड्रॉपरने स्टीलच्या चमच्यावर घ्या आणि चूल किंवा मेणबत्तीवर सावकाश वाळवा. समुद्राच्या पाण्यात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, दहा-बारा थेंबांतसुद्धा पांढरी खपली स्पष्ट दिसते. खपली आली तर पाणी कूलिंगचं किंवा एक्झॉस्टचं. काहीच उरलं नाही, नुसता तेलाचा डाग राहिला, तर ते पेट्रोलबरोबर आलेलं पाणी. एकच अट आहे, इंजिन शेवटचं समुद्रात चाललेलं हवं. गोड्या पाण्याने फ्लश केल्यावर ही चाचणी निरर्थक.

जुनी_मशीन

पेट्रोलचं आधी तपासाच, कारण ते फुकटचं काम आहे. आता पंपावर मिळणारं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं. इथेनॉल काही प्रमाणात पाणी पोटात घेतं, त्यापुढे गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली वेगळा थर धरतात. पावसाळ्यात अर्धी भरलेली, व्हेंट उघडी टाकी म्हणजे त्याला आमंत्रणच. आणखी वाईट म्हणजे टू-टी ऑइल वरच्या पेट्रोलच्या थरात राहतं आणि इंजिन खालचा थर आधी ओढतं, म्हणजे पाणी आणि वंगणाचा अभाव एकदमच.

दोन्ही कार्ब्युरेटरच्या वाट्या काचेच्या ग्लासात वेगवेगळ्या रिकाम्या करा, दहा मिनिटं ठेवा. तळाला गोळे किंवा वेगळा थर दिसला तर टाकी, प्रायमर बल्ब, फिल्टर सगळं रिकामं करून नवीन पेट्रोल. पण पेट्रोलमधलं पाणी सहसा दोन्ही सिलिंडरांना त्रास देतं. एकालाच, तेही उभं राहिल्यावरच, हे पेट्रोलचं लक्षण वाटत नाही.

माझं मत विचाराल तर या वयात हेड उघडावंच. गॅस्केट कुठल्याही परिस्थितीत बदलायच्या लायकीची झालेली असते.

टॉर्कपाना

जुनी_मशीन यांच्या शेवटच्या वाक्याशी सहमत नाही. वीस वर्षांचं खारं इंजिन "होऊनच जाऊ दे" म्हणून उघडलं की चार बोल्ट तुटतात आणि गळती दुसरीकडेच निघते. गोळा झालेली लक्षणंही हेडकडे बोट दाखवत नाहीत. हेड गॅस्केट आत फुटली तर ज्वलनाचा दाब आधी कूलिंगमध्ये घुसतो. मागची धार तुटक होते, मध्ये फुरफुरते, वेग वाढवला की इंजिन तापतं. इथे धार जोरदार आणि इंजिन थंड. म्हणजे पाणी चालत्या इंजिनात दाबाने येत नसून बंद झाल्यावर सावकाश झिरपतंय. तसे रस्ते तीन.

पहिला, एक्झॉस्टची आतली प्लेट. ब्लॉकच्या बाजूला एक्झॉस्टचं बाहेरचं झाकण असतं, त्याच्या आत एक पातळ प्लेट, दोन्ही बाजूंना पॅकिंग. प्लेटच्या एका बाजूला तापलेला धूर, दुसऱ्या बाजूला पाणी. अॅल्युमिनियम दोन्हीकडून खाल्लं जातं आणि सुईच्या टोकाएवढं भोक पडतं. इंजिन चालू असताना धुराच्या झोतात ते पाणी उडून जातं. बंद केल्यावर जॅकेटमध्ये (ब्लॉकमधल्या कूलिंगच्या पोकळीत) उरलेलं पाणी भोकातून एक्झॉस्टच्या वाटेत पाझरतं, आणि ज्या सिलिंडरचा पोर्ट (धूर बाहेर जायचं भोक) उघडा राहिला असेल त्यात शिरतं. खालचा सिलिंडर खाली असल्याने तोच सापडतो.

दुसरा, क्रँकचं खालचं सील. पिस्टन वर जाताना क्रँककेसमध्ये ओढ तयार होते आणि सील फाटलं असेल तर लेगमधलं (इंजिनाच्या खाली पाण्यात उतरणाऱ्या भागातलं) पाणी आणि धूर आत खेचला जातो. यातही खालचाच सिलिंडर भोगतो. पण मग आळशी चालीवर (आयडलिंगला) कायम त्रास असतो, गरम झाल्यावर सुटत नाही. ड्राइव्हशाफ्टच्या (क्रँकपासून खाली गिअरकेसकडे जाणाऱ्या दांड्याच्या) वरच्या टोकाच्या दातांवर लाल पावडर दिसते का बघा.

तिसरा रस्ता इंजिनाचा दोष नाहीच. इंजिन बंद करताक्षणी पूर्ण वर उचलायची सवय असेल तर लेगमध्ये राहिलेलं पाणी उलट एक्झॉस्टमधून पोर्टकडे धावतं. बंद केल्यावर उभंच ठेवून मिनिटभर निथळू द्यायचं, मग उचलायचं.

हेडची शंका अशी फेडा. कॉम्प्रेशन पुन्हा मोजा, पण नीट : इंजिन कोमट, दोन्ही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, प्लगच्या वायरी ब्लॉकला अर्थ केलेल्या. वायर मोकळी ठेवून फिरवलं तर सीडीआय (ठिणगी देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) जळू शकतो. मग खालचा पिस्टन बरोबर टॉपला आणा, फ्लायव्हीलचा नट पान्याने धरून ठेवा आणि प्लगच्या भोकातून ३० ते ४० पीएसआय हवा द्या. टॉप चुकला तर फ्लायव्हील झटक्याने फिरतं, बोटं लांब. थर्मोस्टॅटचं झाकण काढून त्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा पडदा धरा. बुडबुडा फुगला तर गॅस्केट किंवा हेड गेलं, शंका नको. नाही फुगला तर गॅस्केट निर्दोष आहे असं पक्कं म्हणता येत नाही, कारण हवा खाली लेगकडेही निसटू शकते. आणि या चाचणीत पिस्टनने एक्झॉस्ट पोर्ट झाकलेला असतो, त्यामुळे एक्झॉस्ट प्लेटबद्दल ती काहीच सांगत नाही. हे लोक विसरतात.

होडीवाला_देवगड

केलं. चमच्यावर खपली आली, पाणी खारंच. दोन्ही वाट्यांमधलं पेट्रोल स्वच्छ. कॉम्प्रेशन वर ११८, खाली १००. ३५ पीएसआय हवेवर थर्मोस्टॅटच्या तोंडाशी काही नाही, कार्ब्युरेटरमधून बारीक फुसफुस. मिठाची रेघ हेड आणि झाकण यांच्या सांध्यावर आहे. ड्राइव्हशाफ्टचे दात स्वच्छ. इंजिन लगेच वर उचलत नाही. आता पॉवरहेड (लेगवर बसणारा सिलिंडर आणि क्रँकचा भाग) उतरवूनच खात्री होईल का?

टॉर्कपाना

कार्ब्युरेटरमधली फुसफुस म्हणजे रिंगांवरून हवा क्रँककेसमध्ये जातेय. थोडी सगळ्यांनाच असते.

पॉवरहेड उतरवणं लेगच्या बोल्टांवर अवलंबून आहे. ते हलत असतील तर उतरवा, कारण पॉवरहेड खालचं पॅकिंग आणि क्रँकचं खालचं सील दोन्ही हाताशी येतात. दोन माणसं लागतात. सांधा सुटत नसेल तर पटाशी घुसवू नका, पॅकिंगच्या जागेवर चर पडतो. लाकडी ठोकळ्याने चारी बाजूंनी ठोका.

मग चाचणी. पॉवरहेडच्या तळाला पाण्याची भोकं आणि एक्झॉस्टचं मोठं तोंड दिसेल. सपाट प्लेट आणि ३ मिमी रबराचा तुकडा बोल्टने कसून फक्त पाण्याची भोकं बंद करा, एक्झॉस्टचं तोंड उघडं राहू द्या. थर्मोस्टॅट बाहेर काढून झाकण परत लावा. मागच्या धारेच्या निपलमधून १० ते १२ पीएसआय हवा द्या. सायकलचा गेजवाला पंप पुरतो, गॅरेजच्या कॉम्प्रेसरची नळी थेट लावू नका. बाहेरून सगळ्या सांध्यांवर साबणाचं पाणी. मग एक्झॉस्टच्या तोंडातून आत साबणाचं पाणी फवारा, टॉर्च मारा आणि फ्लायव्हील सावकाश फिरवत प्रत्येक पोर्टजवळ बघा. प्लगच्या भोकांना कान लावा. आवाज प्लगच्या भोकातून येत असेल तर गळती सिलिंडरच्या वरच्या भागात, म्हणजे हेडची. फेस एक्झॉस्टमध्ये येत असेल तर प्लेट.

होडीवाला_देवगड

सापडलं. खालच्या पोर्टच्या समोर, आतल्या प्लेटवर फेस. दोन ठिकाणी. प्लगच्या भोकांत शांतता. हेडच्या झाकणाच्या सांध्यावरही बारीक फेस आहे. क्रँकच्या खालच्या सीलचा ओठ कडक झालाय पण फाटलेला नाही. एक्झॉस्टच्या झाकणाचे बोल्ट अजून सोडलेले नाहीत, ते बघूनच भीती वाटतेय.

नाखवा

बोल्टांसाठी घाई नको. गंज सोडवणारं ऑइल लावून एक दिवस ठेवा, मध्ये दोन-तीनदा बोल्टच्या डोक्यावर मध्यम हातोडीने सरळ ठोका. दुसऱ्या दिवशी कार्ब्युरेटर, पेट्रोलच्या नळ्या, बल्ब सगळं दूर ठेवून ब्युटेनच्या टॉर्चने बोल्ट नव्हे, त्याच्या भोवतीचं अॅल्युमिनियम तापवा. अॅल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त फुगतं, पकड ढिली होते. १० च्या सहा कोनी सॉकेटने आधी किंचित आवळा, मग सोडा, पाव फेरा पुढे, पाव मागे. पाना रबरासारखा मऊ लागायला लागला की थांबा, बोल्ट पिळवटतोय. परत तापवा.

तुटलाच तर घाबरू नका. झाकण निघाल्यावर वर राहिलेला तुकडा तापवून व्हाइस-ग्रिपने निघतो, किंवा त्यावर नट वेल्ड करून. सपाट तुटला तर बरोबर मध्यावर पंच, ३ मिमी ड्रिल, मग ५ मिमी, आणि आटे पाडायला ६ चा टॅप. आटेच गेले असतील तर ६.३ चं ड्रिल मारून हेलिकॉइल (तारेचे तयार आटे) बसवा. ड्रिल तिरकं गेलं तर पाण्याच्या जॅकेटमध्ये घुसेल. हात स्थिर नसेल तर लेथवाल्याकडे न्या, लाज कसली.

झाकण उघडलं की आयती संधी मिळते. उघड्या पोर्टमधून पिस्टन आणि रिंगा दिसतात. लाकडी काडीने रिंग दाबा, दाबली जाऊन परत यायला हवी. अडकली असेल किंवा भिंतीवर गंजाचे खडबडीत डाग असतील तर खालचं कमी कॉम्प्रेशन त्यामुळेच, आणि मग हेड काढून होनिंग (भिंत घासून एकसारखी करणं) आणि रिंगा करायलाच लागतील. भिंत गुळगुळीत, रिंग मोकळी असेल तर ११८ ला १०० घेऊन चालवा. फरक पंधरा टक्क्यांचा आहे. दहाच्या आत हवा होता खरा, पण पाणी थांबल्यावर आणि काजळी सुटल्यावर थोडा सुधारतो.

टॉर्कपाना

आतली प्लेट नवीनच घ्या. त्या दोन भोकांवर धातूची पुट्टी लावायचा मोह होतो. ती धुराच्या बाजूने तापून सुटते, तुकडा पाण्याच्या वाटेत जातो आणि नवीनच दुखणं सुरू. वेल्ड केली तर प्लेट वाकते. दोन्ही पॅकिंग कंपनीची. बाजारात शीट कापून पॅकिंग करून देतात, ते हेडच्या झाकणासारख्या थंड पाण्याच्या जागी चालून जातं. एक्झॉस्टच्या बाजूला नाही.

जागा साफ करायला पितळी किंवा प्लॅस्टिकची खरवडणी. ग्राइंडरवरची चकती लावली की दोन सेकंदांत खड्डा. सरळपट्टी तिरकी-आडवी ठेवून फीलर गेज घाला, ०.१ मिमीचं पान कुठेही शिरता कामा नये. शिरलं तर झाकण जाड काचेवर ४०० आणि मग ६०० नंबरचा पाण्याचा पॉलिश पेपर ठेवून इंग्रजी आठच्या आकारात घासा. ब्लॉकची बाजू अशी घासता येत नाही, तिथे खड्डे पॅकिंगच्या रेषेवर आलेत का तेवढं बघा.

सिलिकॉन भसाभस लावू नका. दाबल्यावर आत पिळून आलेली दोरी तुटते आणि थर्मोस्टॅटपाशी किंवा मागच्या धारेच्या नळीत जाऊन बसते. बोल्टच्या आट्यांना मात्र मरीन ग्रीस हवंच, नाहीतर पुढच्या वेळी परत हीच कथा. ६ मिमीचे बोल्ट ८ ते ११ न्यूटन-मीटर, मधून बाहेर, दोन फेऱ्यांत. हेड काढावंच लागलं तर ८ मिमीच्या बोल्टांना या वर्गातल्या अनेक इंजिनांत पहिली फेरी १५, दुसरी ३० च्या आसपास असते, पण तुमच्या मॉडेलच्या मॅन्युअलमधला आकडा तोच खरा. क्रँकचं खालचं सील आणि त्याच्या घराची ओ-रिंग आताच बदला. पॉवरहेड परत उतरवायची मजुरी सीलच्या किमतीच्या कितीतरी पट.

जुनी_मशीन

हेडबद्दल माझा अंदाज चुकीचा निघाला, ठीक. गिअरकेसकडे कुणी बघत नाहीये म्हणून लिहितो.

पंखा काढा आणि थ्रस्ट वॉशरच्या मागे बघा. दहापैकी बहुतेक वेळा तिथे जाळ्याचा नायलॉन दोरा गुंडाळून सीलमध्ये घुसलेला सापडतो. दोरा काढला म्हणून सील बरं होत नाही. वरच्या व्हेंटच्या भोकात गेज लावून रिकाम्या गिअरकेसला ५ पीएसआय द्या, मग १०, शेवटी १५. त्यापुढे नको, चांगलं सीलही बाहेर ढकललं जाईल. दाब पाच मिनिटं टिकला पाहिजे. तेवढ्या वेळात पंख्याचा शाफ्ट आणि ड्राइव्हशाफ्ट फिरवा, गिअरचा दांडा वर-खाली करा. साबणाचं पाणी पंख्याच्या शाफ्टला, बेअरिंगच्या घराच्या ओ-रिंगला, वर ड्राइव्हशाफ्टच्या सीलला, गिअरच्या दांड्याला आणि खालच्या ड्रेन स्क्रूला. नंतर व्हॅक्यूमही द्या, पाऱ्याचे ५ इंच, मग १५. आतून दाब दिला की ओठ शाफ्टला चिकटतो आणि टिकल्यासारखा वाटतो. गरम गिअरकेस पाण्यात थंड होताना ओढ उलटी असते, तेव्हाच पाणी शिरतं.

सील काढण्यापूर्वी ओठ कुणीकडे आहेत त्याचा फोटो घ्या, दोन्ही एकाच दिशेला असतील असं गृहीत धरू नका. शाफ्टवर नख अडकेल असा चर असेल तर नवीन सील मूळ जागेपेक्षा मिलिमीटरभर वर किंवा खाली बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येतो. ड्रेन आणि व्हेंट स्क्रूचे वायसर दर वेळी नवीन. चार रुपयांच्या वायसरमुळे ताक झालेली गिअरकेस नवलाची नाही.

ऑइल खालच्या भोकातून भरायचं, वरून बुडबुड्यांशिवाय येईपर्यंत. आधी वरचा स्क्रू लावायचा, मग खालचा.

होडीवाला_देवगड

थ्रस्ट वॉशरमागे दोरा होताच. एक शेवटचं : ब्लॉकच्या जॅकेटमध्ये मीठ आणि चुना घट्ट बसलाय. एक जण म्हणाला संडासाचं अॅसिड पाण्यात मिसळून सोडा.

नाखवा

अजिबात नको. ते हायड्रोक्लोरिक, अॅल्युमिनियम डोळ्यांदेखत खातं. पातळ सायट्रिक अॅसिड घ्या, लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम, अर्धा तास, मग भरपूर गोडं पाणी. फेस सुटायचा थांबला की काढा, रात्रभर भिजत ठेवू नका. मोकळा झालेला खडा बारीक तारेने काढा. हेडमध्ये जस्ताचा अॅनोड (स्वतः झिजून बाकीचा धातू वाचवणारा तुकडा) असेल तर तोही बघा. अर्ध्याहून कमी उरला असेल तर नवा, आणि त्यावर रंग मारू नका.

इम्पेलर (पाण्याच्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक) आता उघडलाच आहे तर बदला. पाती तुटलेली असेल तर तिचे तुकडे मोजा, एखादा कमी भरला तर तो वर जॅकेटमध्ये अडकलेला आहे. पंपाचं घर बसवताना शाफ्ट वरून पाहून घड्याळाच्या दिशेने फिरवत दाबा. लेग चढवताना पाण्याची नळी वरच्या रबरात नीट शिरली का ते डोळ्यांनी बघा. ती बाजूला गेली तर पंप चांगला असूनही पाणी लेगमध्येच सांडतं. ड्राइव्हशाफ्टच्या दातांना ग्रीस बाजूने लावा, वरच्या टोकाच्या सपाटीवर नको, तिथे ग्रीस कोंडलं तर शाफ्ट पूर्ण वर जात नाही.

जोडून झाल्यावर ड्रमात वीस मिनिटं चालवा, बंद करा, उभंच ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी दोरी ओढण्याआधी खालचा प्लग काढून बघा. कोरडा तपकिरी निघाला तर होडीवर चढवा. पहिल्या फेरीनंतर इंजिन पूर्ण थंड झाल्यावर झाकणाचे बोल्ट त्याच टॉर्कला परत तपासा. गिअर ऑइल पाच तासांनी थोडं काढून रंग बघा.